उत्पन्नाच्या रकान्यात आई

४ एप्रिल

पुस्तकचित्रणाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मिळालं. मुदत एक वर्ष. रोज नऊ ते चार, म्हणजे रक्ततपासणीच्या लॅबमधली नोकरी सांभाळून जमण्यासारखं नाही. शुल्क साठ हजार, दोन हप्त्यांत. कागद, रंग, ब्रश ज्याचे त्याने आणायचे. त्याला किती लागतात ते छापलेलं नाही. विचारायला हवं.

शेवटच्या पानावर लिहिलं आहे, 'आमचे विद्यार्थी दरमहा पंचवीस हजारांपर्यंत कमावतात.' यातला 'पर्यंत' मला आवडला नाही. तीन हजार कमावणाराही पंचवीसपर्यंतच कमावतो.

मला जायचंच आहे असं काही नाही. माहिती काढून ठेवायला हरकत नसते, एवढंच.

६ एप्रिल, रविवार

आमच्या घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. विजेचं बिल, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, बँकेचं पत्र. आई-बाबांना वाचता येत नाही. दादा चौथीतून जो पळाला तो थेट फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात जाऊन थांबला. त्यामुळे मी वाचते आणि मी वाचलं ते खरं. 'तिने वाचलंय' म्हटलं की वाद संपतो. म्हणून मी हळू वाचते.

आज दादा आला होता (लग्न झाल्यापासून तो वेगळा राहतो, रविवारी येतो). त्याच्यासमोर माहितीपत्रक वाचून दाखवलं. शुल्क, वेळ, पैसे परत न मिळण्याची अट, सगळं.

"म्हणजे साठ हजार भरून चित्रं काढायची?" दादा म्हणाला. "अगं, तू तर फुकटात काढतेस. लॅबच्या पावत्यांच्या पाठीवर!"

"त्या रद्द झालेल्या पावत्या असतात," मी म्हटलं. ते सांगणं आवश्यक होतं.

"ऐका! ऑडिटरबाईंनी खुलासा केलाय."

बाबांनी विचारलं, "पुढे काम मिळतं का?"

"माहीत नाही. चौकशी करते."

"कसलं काम असतं? बसून की उभ्याने?"

"टेबलाशी बसून."

"मग बरं," बाबा म्हणाले. बाबा लादीकाम करतात. आयुष्य गुडघ्यांवर काढल्यामुळे ते प्रत्येक धंदा तसाच तोलतात.

आई शर्टांना बटणं लावत होती. दोरा तोडताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण ते मी उजेडात बसले होते म्हणूनही असेल.

घोटाळा नको म्हणून इथेच लिहून ठेवते: माझी शिल्लक चौतीस हजार. बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बँकेत ठेवलेत ते पैसे या हिशेबात कुठेही येणार नाहीत.

११ एप्रिल

संस्थेतल्या मॅडमना फोन करून जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मागितले. त्या म्हणाल्या, "आजवर पालक मागायचे, विद्यार्थिनीने पहिल्यांदाच मागितले." तीन नंबर दिले. कोणते द्यायचे हे त्यांनीच ठरवलं असणार, हे धरून चालायला हवं.

पहिली मुलगी केकच्या दुकानात आहे. लॅब सुटल्यावर तिला भेटायला गेले. ती केकवर अस्वल काढत होती. अस्वल चांगलं होतं, विशेषतः कान.

"महिन्याला अकरा हजार मिळतात," ती म्हणाली. "लपवायचं काय त्यात?"

"पुस्तकांचं काम?"

"एक केलं. पैसे सात महिन्यांनी आले. त्यापेक्षा हे बरं. इथे चूक झाली तर खाऊन टाकता येते."

"कोर्स केल्याचा पश्चात्ताप होतो का?"

ती हसली. क्रीमची पिशवी पिळता पिळता म्हणाली, "तू फॉर्म भरून घेतेयस की काय माझ्याकडून? नाही होत. का नाही होत ते विचारू नको, मला सांगता येणार नाही."

मी वहीत लिहिलं: अकरा हजार. दुसऱ्या उत्तरासाठी रकाना नव्हता.

१५ एप्रिल

दुसरा विद्यार्थी शालेय पुस्तकांसाठी चित्रं काढतो. पानाला दर ठरलेला. काम असेल त्या महिन्यात पंधरा, नसेल त्या महिन्यात शून्य. सरासरी काढली तर आठ-नऊ पडतात. सरासरी त्याने कधी काढली नव्हती. मी फोनवरच काढून दिली. त्याला लगेच कुठेतरी जायचं आठवलं. बहुतेक मी काढायला नको होती.

तिसरा स्वतःहूनच म्हणाला, "ते पंचवीस हजारवालं वाक्य वाचलंस ना? तो 'पर्यंत' म्हणजे मी." त्याच्या काकांचा छापखाना आहे.

माझ्यासाठी पहिल्या वर्षी नऊ हजार धरले. लॅबमध्ये अहवाल टाइप करण्याचे आज चौदा मिळतात.

१९ एप्रिल

सवलत आहे! आई-वडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अर्धं शुल्क माफ. तीस हजारच भरायचे. माझ्याकडे चौतीस आहेत. बाबांचं उत्पन्न मी दरवर्षी त्यांच्या ठेकेदाराच्या चिठ्ठ्यांवरून काढते. यंदा एक लाख शहाऐंशी हजार.

अर्ज आणला. बसथांब्यावर उभ्या उभ्याच निम्मा भरला. अक्षर वेडंवाकडं आलं, पण बाकडं रिकामं नव्हतं हेही आहे.

'वडिलांचा व्यवसाय व उत्पन्न' लिहून झालं. खाली 'आईचा व्यवसाय व उत्पन्न' आहे. तिथे अडले.

२० एप्रिल, रविवार

आईला विचारलं, "बटणांचे वर्षाला किती मिळतात?"

"भाजी सुटते," आई म्हणाली.

"तरी किती?"

"अगं, आठवड्याला तो देतो, मी डब्यात टाकते, डब्यातून जातात. त्याचं काय मोजायचं?"

दादा म्हणाला, "'गृहिणी' लिही आणि हो मोकळी."

बाबा म्हणाले, "कमावता मी एकटाच आहे घरात. तसंच लिही." ते वाईट हेतूने बोलले नाहीत. ते नेहमी असंच म्हणतात आणि आईही म्हणते.

पण आई आत्ता माझ्यासमोर बसून काज करत आहे. शर्टवाला कापून शिवून देतो, काज-बटण आणि गळ्या-बाह्यांची तुरपाई आई हाताने करते. सकाळी भांडी झाली की बसते, दिवे लागेपर्यंत. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून मी तिला हेच करताना पाहते आहे. 'काही नाही' असं कसं लिहिणार?

या आठवड्यात रोज किती शर्ट होतात ते बघायचं ठरवलं. अंदाजाने लिहिणं मला जमत नाही.

२६ एप्रिल

रोजचे साधारण तीस शर्ट. शर्टामागे आठ. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, कारण चार दिवस तो गठ्ठा देत नाही. गुणाकार दोनदा केला.

आईला सांगितलं, "पंचाहत्तर हजार. एकशेवीस कमी."

"कुणाचे?"

"तुझे."

"इतक्या वर्षांचे मिळून?"

"नाही गं. एका वर्षाचे."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, पण सुई कुठे टोचून ठेवली ते सापडेना. ती पदरालाच होती.

"परत सांग," ती म्हणाली. मी परत सांगितलं. तिला राग आला असावा. चेहरा तसाच दिसत होता, नाकपुड्या जरा फुगलेल्या. कुणाच्या न मोजलेल्या गोष्टी मोजणं बरं नव्हे, हे मला त्या सरासरीच्या वेळीच कळायला हवं होतं.

बाबा जेवत होते. त्यांनी पोळी एक कमी खाल्ली.

दोघांची बेरीज दोन लाख साठ हजार आठशे ऐंशी. मर्यादेच्या वर जवळजवळ अकरा हजार.

२८ एप्रिल

अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"काज-बटणं? याला उत्पन्न कोण म्हणतं, बाई? इथे सगळ्यांच्या आया घरीच असतात."

"पण ती काम करते."

"सगळ्याच करतात. दुसरा अर्ज देऊ का? 'गृहिणी' लिहा. पंधरा मिनिटांत सवलत मंजूर."

मागे रांग होती. तीस हजार माझ्या आणि त्या दुसऱ्या अर्जाच्या मध्ये होते आणि त्या बाई चांगुलपणानेच सांगत होत्या.

मी म्हटलं, "हाच राहू दे."

"तुमची मर्जी," त्या म्हणाल्या आणि शिक्का असा मारला की काच हलली.

हे मी प्रामाणिकपणे केलं की भित्रेपणाने, ते मला ठरवता आलेलं नाही. पकडलं जाण्याची भीती होती का? होती. पण पकडायला कोण येणार होतं?

१ मे

घरात काहीतरी बिनसलं आहे. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "वर्षाला पंचाहत्तर हजार होतात म्हणे माझे. एकशेवीस कमी." काकू म्हणाल्या, "अगं बाई! मग माझ्या पापड-लोणच्यांचे किती होत असतील?" दोघी दारातच बराच वेळ बोलत उभ्या होत्या. आईला ती गोष्ट फारच लागलेली दिसते. चारचौघांत बोलून दाखवते आहे.

बाबा आज कामावरून येताना एक मोठा दिवा घेऊन आले. आई जिथे बसते तिथला जुना काढून तो लावला. स्टुलावर चढू नका म्हटलं तर ऐकलं नाही. का बदलला विचारलं, तर म्हणाले, "जुना मिणमिणत होता." जुना दोन वर्षं मिणमिणत होता.

७ मे

सवलत नामंजूर. कारण: उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

दादाला फोन केला. तो इतका ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस काय गं तुला? त्या खिडकीतल्या बाईने ताट वाढून दिलं होतं! तुला काय, कुणी मेडल देणार होतं?"

"नाही."

"मग?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "पाच हजार आहेत माझ्याकडे. पण तीस नाहीत." त्याच्या आवाजावरून वाटलं की ते नाहीत याचाच त्याला जास्त राग आला आहे.

११ मे, रविवार

आज सगळ्यांना बसवून हिशेब वाचून दाखवला.

शुल्क साठ हजार. साहित्य बारा हजार (मॅडमना विचारलं). नोकरी सोडल्यामुळे बुडणारा वर्षाचा पगार एक लाख अडुसष्ट. एकूण दोन लाख चाळीस हजार. त्यानंतर पहिल्या वर्षी चौदाऐवजी नऊ, म्हणजे आणखी साठ हजारांचा खड्डा. दुसऱ्या वर्षी अकरा धरले, तिसऱ्या वर्षी चौदा. चौदाच्या वर गेल्याशिवाय खड्डा बुजायला सुरुवातच होत नाही आणि वर जाण्याची खात्री कुणीच दिलेली नाही. घरात मी महिन्याला नऊ हजार देते, तेही वर्षभर बंद.

निष्कर्ष: नाही.

बाबा म्हणाले, "गुडघ्याचे पैसे आहेत. गुडघे अजून एक वर्ष थांबतील."

"ते हिशेबात नाहीत," मी म्हटलं.

"तुझ्या हिशेबात नसतील. माझ्या बँकेत आहेत."

"गुडघ्यांना हात लावायचा नाही," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "लिहिलंस ना 'नाही'? मग झालं तर." आणि बटणांचा डबा पुढे ओढला.

वाद झाला नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. म्हणजे उतरायला हवं. संध्याकाळी अंगठ्याचं एक चित्र काढलं, सुई धरलेल्या. नखाची बाजू जमली नाही. तीनदा काढलं.

१३ मे

आज लॅबला सुटी होती म्हणून गठ्ठा पोचवायला आईबरोबर गेले. झालं ते आहे तसं लिहिते.

शर्टवाला म्हणाला, "या ताई, ठेवा तिकडे."

आईने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वरचा हात काढला नाही. "आठमध्ये परवडत नाही. दहा करा."

तो हसला. "अहो ताई, घरबसल्या वेळ जातो तुमचा. वर पैसेही मिळतात. अजून काय हवं?"

"माझा वेळ जात नाही. वर्षाला पंचाहत्तर हजारांचं काम जातं माझ्या हातून."

"कोण म्हणतं?"

"ही म्हणते. ही शिकलेली आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. तरी मी म्हणाले, "एकशेवीस कमी."

"मग दुसरीकडे बघा," तो म्हणाला. "काज करणाऱ्या पन्नास मिळतात."

"मिळतील की," आई म्हणाली. झालेल्या कामाचे पैसे मोजून घेतले, म्हणजे मला मोजायला लावले, आणि नवा गठ्ठा न घेताच निघाली.

परतताना तिला रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. शेवटी तिने माझी पिशवी घेतली. मी एक आकडा काढला आणि तिचं काम गेलं. माझी सवलत गेली ती गेलीच, आता पंचाहत्तर हजारही गेले.

१४ मे

आईने आज घरातले सगळे डबे घासले, स्वच्छ असलेलेसुद्धा.

सकाळपासून एक विचार डोक्यात घोळतो आहे. आईला आता उत्पन्न नाही, म्हणजे घरचं उत्पन्न आता मर्यादेच्या आत आहे. परिस्थिती बदलली तर फेरअर्ज करता येतो, असं माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे. हे खोटं ठरणार नाही. तीस हजार वाचतील आणि माझा 'नाही' पुन्हा तपासता येईल.

आईला विचारलं, "अर्जात तुझं उत्पन्न खोडून 'गृहिणी' लिहिलं तर चालेल? आता ते खरं आहे."

ती डबा घासायची थांबली.

"खबरदार," ती म्हणाली. "एकदा लिहिलंयस ना मला तिथे? मग काढायचं नाही."

"पण सवलत मिळेल."

"मिळू दे नाहीतर खड्ड्यात जाऊ दे. काम आज नाही, उद्या असेल. हात काय शर्टवाल्याकडे गहाण आहेत माझे?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांड्याची पावडर उडाली असेल. मी फेरअर्ज केला नाही. खरी असलेली गोष्ट मी लिहिली नाही असं पहिल्यांदाच झालं आणि तरी मला चुकल्यासारखं वाटत नाही, हे नमूद करते.

१९ मे

शर्टवाला स्वतः आला. स्कूटरवर, पुढे गठ्ठा. मी नुकतीच लॅबमधून येऊन चप्पल काढत होते.

"दुसरीकडे दिले होते," तो म्हणाला. "पहिल्याच धुण्यात बटणं हातात आली लोकांच्या. घ्या ताई. दहा. पण कुणाला सांगू नका."

आईने गठ्ठा उघडला, बाही उलटून पाहिली. "काज-बटणाचे दहा. तुरपाईचे दोन वेगळे."

"पोरीने शिकवलेलं दिसतंय."

"तिने नुसतं मोजलं. बोलतेय मी."

तो खूप वेळ डोकं खाजवत होता. शेवटी 'बरं' म्हणाला. तो वळल्या वळल्या आई शेजारच्या काकूंच्या दारात. "अहो, कुणाला सांगू नका म्हणालाय तो, म्हणून सांगायला आले." काकूंची जाऊही त्याच्याकडेच काज करते.

बाबा म्हणाले, "बारा?" आणि मग बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत बसले. आकडा त्यांना आवडला की नाही, ते कळलं नाही. मात्र मोठा गठ्ठा त्यांनीच आत उचलून नेला आणि नव्या दिव्याखाली ठेवला.

२२ मे

प्रवेशाची मुदत परवा संपते. 'नाही' ठरलेलंच होतं.

मी कांदा चिरत होते. आई बटण लावता लावता म्हणाली, "परत सांग, कोर्स झाल्यावर पहिल्या वर्षी तुला किती मिळतील?"

"नऊ हजार. तेही नक्की नाहीत."

"आणि आत्ता चौदा."

"हो. म्हणून तर नाही म्हटलं."

"जायचंय का तुला?"

"साहित्य धरून दोन लाख चाळीस..."

"आकडे नकोत. ते ऐकलेत मी. बाबांनाही पाठ झालेत. जायचंय का?"

मी कांदा चिरत राहिले. हा प्रश्न मी इतक्या दिवसांत कुठे लिहिला आहे का, ते मनात आठवून पाहिलं. लिहिलेला नाही. उत्तर मात्र तयार होतं. ते कधी तयार झालं ते मला सांगता येत नाही.

"हो," मी म्हणाले.

नेमकी कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "काय?"

"हो म्हटलं. जायचंय."

"मग एवढे दिवस काय कांदे सोलत होतीस?" आई म्हणाली. "पहिला हप्ता तुझा. दुसरा माझा. दिवाळं निघालं तर दोघींचं निघेल."

मी म्हटलं की घरात वर्षभरात लाखाहून जास्त कमी येतील. तुझे वाढलेले पैसे धरले तरी. किराण्याला कमी पडेल. तिने विचारलं, "किती कमी?" मी महिन्याचा आकडा सांगितला. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. तिला मोजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चुकत होती, पण मी दुरुस्त केलं नाही.

बाबा आतून म्हणाले, "वीज आणि गॅस दादाकडे. बोललोय मी त्याच्याशी." कधी बोलले?

२४ मे

प्रवेश घेतला. पूर्ण शुल्काचा, पहिला हप्ता तीस हजार. खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं. "म्हणजे शेवटी पूर्णच भरलेत?" त्या म्हणाल्या. आई माझ्याबरोबर होती. त्या तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्हीच का त्या काज-बटणवाल्या?"

"मीच," आई म्हणाली. "तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय. सुईदोरा आहे माझ्याकडे."

बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. मागे पुन्हा रांग होती. आईने घाई केली नाही.

२ जून

लॅबमध्ये राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, "वर्षाने परत आलीस तर जागा असेलच असं नाही."

"ते धरलेलं आहे," मी म्हणाले.

"किती तोटा होतो?"

मी सांगितला. ते म्हणाले, "इतका तोटा माहीत असून कुणी जातं का?" मी म्हटलं, माहीत नसताना गेले असते तर मला झोप लागली नसती. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

दुपारी शेवटचा अहवाल टाइप केला. एका माणसाचं रक्त सगळं मर्यादेत होतं. बरं वाटलं.

८ जून, रविवार

दादाने चित्रांचे कागद न्यायला एक लांब नळी आणून दिली, दुकानातल्या रुंद पाइपची. "यात तुझं पंचवीस हजारांपर्यंतचं भविष्य ने," म्हणाला. मी म्हटलं, नऊपर्यंतचं. तो म्हणाला, "देवा, ही वर्गातही असंच बोलणार." आई हसली, बाबाही.

आईने आठवडाभरात दुसऱ्या हप्त्यासाठी डब्यात टाकलेले पैसे मला मोजायला दिले. मी मोजले. तिने मग स्वतः मोजले, दहा-दहाच्या ढिगांत, हळूहळू, आणि तिचा आकडा माझ्याशी जुळला. तिने आणखी एकदा मोजले. नक्की करून घ्यायला असेल, किंवा तसंच.

ते झाल्यावर मी माझा हिशेब पहिल्या पानापासून पुन्हा तपासला. नवा दर घातला, दादाची वीज आणि गॅस घातला, बसभाडं विसरलं होतं ते घातलं. कुठे चूक सापडली तर बरं, असं वाटत होतं. चूक नाही. तोटाच आहे, बसभाड्यामुळे जरा जास्तच.

उद्या नऊला पोचायचं. पेन्सिलींना टोक करून ठेवलं आहे.